कुरवंड्यातली जंबेरी

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते गुलाबकाका. ते माझे सख्खे काका नाहीत. वरुडकडच्या आमच्या गावात त्यांची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे आणि माझे वडील आजूबाजूच्या बागांत संत्री तोडायला जायचे. शाळा सुटली की वडिलांची वाट पाहत मी रोपवाटिकेच्या बांधावर बसायचो. एक दिवस काकांनी माझ्या हातात चाकू दिला आणि जंबेरी नावाच्या लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, कसा बांधायचा ते दाखवलं. बारावीनंतर वडील म्हणाले, आता पुरे झालं शिक्षण. तेव्हा काका आमच्या घरी येऊन जमिनीवर बसले, चहासुद्धा घेतला नाही, आणि म्हणाले, "याले वनस्पतीशास्त्र शिकू द्या. माह्याकडं नुसता हात आहे. याच्याकडं हात बी राहीन आन् कारण बी." वडिलांनी ऐकलं. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. आज मी एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो.

आता काका चाकू हातात घेत नाहीत. रोपवाटिका मुलगा पाहतो आणि काका पारावर बसून राहतात. त्याचं कारण मावळात आहे. दत्तूभाऊ नावाचे रेल्वेतले गँगमन पुष्कळ वर्षं आमच्या गावाजवळच्या स्टेशनावर नोकरीला होते आणि काकांच्याच घरी भाड्याने राहत होते. दोघांची इतकी गट्टी की जेवायला एकाला हाक मारली की दोघे यायचे. दत्तूभाऊ निवृत्त होऊन लोणावळ्याजवळच्या कुरवंडे या आपल्या गावी निघाले, तेव्हा काकांनी स्वतःच्या हाताने बांधलेली संत्र्याची बारा कलमं त्यांना भेट दिली. काही वर्षांनी दत्तूभाऊंचा फोन आला. झाडांना फळं लागली होती, पण जाड सालीची, खडबडीत आणि तोंडात धरवत नाहीत इतकी आंबट. "गुलाब, गावात माझं हसं झालं," ते म्हणाले. काकांना त्याच सुमारास दिसायला कमी येऊ लागलं होतं. त्यांनी मनाशी धरलं, कलमासाठी फांदीचे डोळे काढताना आपण झाडच चुकलो. त्या दिवसापासून त्यांनी कलम बांधलं नाही आणि दत्तूभाऊंशी बोलणंही तुटलं.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी म्हटलं, मी जाऊन पाहून येतो. काका म्हणाले, "पाहून ये. पण मले बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नको."

लोणावळा

आमच्याकडे डिसेंबरात ऊन कोरडं असतं. लोणावळ्याला उतरलो तर सकाळ उलटून गेली होती, तरी हवेत ओल होती आणि समोरच्या डोंगराचं डोकं धुक्यात होतं. बाजारपेठेत जिकडे पाहावं तिकडे चिक्की. आमच्या बसस्टँडवर संत्र्यांचे ढीग असतात तसे इथे चिक्कीच्या डब्यांचे मनोरे. एका दुकानदाराने मला तीळ, काजू, गुलाबपाकळी असे एकामागून एक तुकडे चाखायला दिले. मी पाचवा तुकडा घेतला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, जेवायला पलीकडे खानावळ आहे." मी ओशाळून दोन डबे घेतले.

माझ्या खांद्यावरच्या झोळीत कलमाचा चाकू आणि बांधायच्या फिती होत्या. हातात एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या डोळकाड्या होत्या. डोळकाडी म्हणजे चांगल्या झाडाची कोवळी नाही आणि जून नाही अशी फांदी, जिच्यावरचे डोळे काढून दुसऱ्या रोपावर बसवतात. काकांच्या बागेतल्या मूळ झाडाच्या काड्या मी न विचारता कापून आणल्या होत्या. चूक खरंच काकांची निघाली तर निदान ती दुरुस्त करून जावं, असा माझा विचार.

कुरवंड्याच्या वाटेवर रिक्षा एका टपरीपाशी थांबली. मी चहाचा कप घेतला, पिशवी बाकावर ठेवली आणि दरीकडे पाहत राहिलो. वळून पाहतो तर एक वानर पिशवी घेऊन टपरीच्या छपरावर बसलेलं. त्याने गोणपाट सोडला, एक काडी चावून पाहिली, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळा भारा दरीत भिरकावून दिला.

"काय व्हतं त्यात?" टपरीवाल्या मावशींनी विचारलं.

"संत्र्याच्या काड्या."

"नुसत्या काड्या? मंग बरोबर हाय. कणीस आसतं तर खाल्लं आसतं त्यानं."

रिक्षावाला इतका हसला की त्याच्या कपातला चहा सांडला. मलाही हसू आलं. पण आता माझ्या हातात दुरुस्तीला काहीच उरलं नव्हतं.

कुरवंडे

कुरवंड्याच्या पुढे जमीन एकदम संपते. सह्याद्रीचा कडा तुटतो आणि खाली कोकण दिसतं. बाजूला नागफणीचा सुळका फणा काढून उभा. भाताची कापणी होऊन गेली होती. खाचरांत धसकटं आणि घरांसमोर पेंढ्याच्या उडव्या. कड्यावरून वर येणारा वारा असा की माझी टोपी दोनदा उडाली. आमच्याकडे वारा येतो आणि जातो. इथे तो राहायलाच असतो.

दत्तूभाऊंचं घर गावाच्या कडेला. सत्तरीच्या पुढचे, उंच, गँगमनच्या कामाने खांदे अजून रुंद. इतक्या वर्षांनी त्यांनी मला ओळखलं नाही. मी गावाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला आणि गुलाबकाकांचं नाव घेतलं तेव्हा तेवढ्याच लगेच मिटला.

"त्यानं धाडलं व्हय तुला?"

"मीच आलो, भाऊ. काकांनी फक्त जा म्हटलं."

"काय बघायचंय? आंबट झाडं? बघ की. तिकीट न्हाई त्याला."

त्यांच्या बायकोने, पार्वतीमावशींनी, आतून आवाज दिला, "आधी जेवू द्या त्याला. झाडं काय पळत्यात का?"

मावशींनी इंद्रायणीचा मऊ भात वाढला. त्याचा वास मला अंगणातच आला होता. बरोबर वालाची आमटी, तांदळाची भाकरी आणि ताटाच्या कडेला काळसर, गूळ घातलेलं लोणचं. आमच्याकडचं लोणचं तिखटाने डोळ्यांत पाणी आणतं. हे आधी गोड लागलं, मग आंबट आणि शेवटी सालीचा थोडा कडवटपणा जिभेवर राहिला. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

"कशाचं आहे, मावशी?"

"त्याच आंबट झाडांचं. आमी ईडलिंबू म्हणतो. लोणावळ्याला दोन दुकानं घेत्यात माझ्याकडनं."

"आणि आमी गावाला संत्री खायला बोलवलं व्हतं," दत्तूभाऊ म्हणाले. "पयल्या फळाच्या टायमाला सरपंचाच्या हातात फोड दिली मी. आजून इचारतो मला, दत्तोबा, संत्री पिकली का."

मावशींनी आतून आणलेलं फळ हातात घेतल्याबरोबर मी ओळखलं. पिवळं, ओबडधोबड, साल जाड आणि सैल, देठाकडे मानेसारखं निमुळतं. ही जंबेरी. आमच्या भागात ही कोणी खात नाही, लोणच्यालाही नाही. तिचं बी पेरायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा. खालचे पाय जंबेरीचे, वरचं सगळं झाड संत्र्याचं. मग इथे वरचं झाडही जंबेरीचं कसं? काकांनी जंबेरीवर जंबेरीच बांधली, की डोळा बांधायचाच राहिला? काकांना ज्याची भीती होती ते खरं निघणार असं मला वाटायला लागलं. त्या दुपारी झाडांजवळ जाण्याचं मी टाळलं, हेही इथे सांगितलं पाहिजे.

सोयरीक

संध्याकाळी अंगणात बसलो असताना दत्तूभाऊंनीच विषय काढला. "दुपारी फळ बघून तू म्हणलास ती जंबेरी म्हंजी नेमकी कोण?"

मी वर्गात शिकवतो तसं सांगायला लागलो आणि मावशींनी हात वर केला. "सोयरीक सांग. आमाला सोयरीक कळती."

म्हणून मी सोयरीक सांगितली. लिंबू, संत्रं, मोसंबी, पपनस ही सगळी भावकी. त्यांचं मूळ गाव लांब पूर्वेला, आसामच्या डोंगरापासून पुढे ब्रह्मदेश आणि चीनच्या कडेपर्यंत पसरलेलं. तिथे फार जुनी घराणी होती. त्यातली मोठी तीन. एक पपनसाचं, एक महाळुंगाचं आणि एक साल सहज सुटणाऱ्या लहान संत्र्यांचं. पुढे मधमाश्यांनी या घराण्यांची लग्नं लावली. पपनस आणि संत्रं यांच्यातून मोसंबी आली. आपलं रोजचं कागदी लिंबू महाळुंगाचं मूल, दुसऱ्या बाजूने एका रानटी जातीचं. आणि जंबेरीची आई संत्र्याच्या घराण्यातली, बाप महाळुंग.

"म्हंजी संत्र्याची ती भाचीच झाली की," मावशी म्हणाल्या.

"तसंच म्हणा."

"आन् नागपूरचं संत्रं तरी नागपूरचं हाय का?"

"नाही मावशी. तेही बाहेरून आलेलं. जुन्या काळी कोणी कलमं आणून लावली आणि आमची माती त्याला मानवली."

"मंग येवढं नाव कशाला लावता रं त्याला तुमी?"

दत्तूभाऊ पहिल्यांदा हसले. मी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ती मला स्वतःला कॉलेजात असताना थक्क करून गेली होती. जंबेरीचं एक बी फोडलं तर आत बहुधा एकाहून जास्त अंकुर निघतात आणि त्यातले बहुतेक बापाला न विचारता आलेले असतात, म्हणजे हुबेहूब आईसारखे. म्हणून तर कलमवाले जंबेरी वापरतात. शंभर रोपं, सगळी एकाच स्वभावाची.

"बरंय," मावशी नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "आमची पोरं सगळी बापावर गेली."

बागेत

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेत गेलो. बाग म्हणजे कड्याकडच्या उतारावरची एक पट्टी. झाडं जोमदार, काटेरी, पिवळ्या फळांनी लगडलेली. एका फांदीवर अवेळी कळ्या आल्या होत्या आणि त्यांच्यावर बाहेरून जांभळट झाक होती. संत्र्याची कळी पांढरी असते. ही झाक महाळुंगाकडून येते. शंका उरलीच नाही, झाडं वरपर्यंत जंबेरीच होती.

पण मला दुसरं काहीतरी खटकत होतं. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी गुडघ्याएवढा मातीचा आणि दगडांचा ढिगारा होता, हाताने चोपून पक्का केलेला.

"हे काय आहे, भाऊ?"

"भर दिलीया. हितला वारा बघितला ना? पावसाळ्यात शेवग्याचं झाड मुळासकट उपटून नेतो. आमच्या हितं काय बी लावलं तर बुडाला भर द्यावीच लागती. दरसाल देतो मी. एक झाड पडू दिलं न्हाई."

हे ते अभिमानाने सांगत होते आणि अभिमान खोटा नव्हता. मी खाली बसलो, दगड बाजूला केले आणि हाताने माती उकरायला लागलो. ते वरून पाहत होते. खाली ओलसर मातीत बुंध्याच्या बाजूला एक वाळलेला खुंट लागला, अंगठ्याएवढा, भुसभुशीत. त्याच्याखाली कलमाचा सांधा अजून ओळखू येत होता. आणि सांध्याच्या खालून, जंबेरीच्या पायातून, आजचं हे झाड फुटून वर आलं होतं.

दुसरं झाड उकरलं. तेच. तिसऱ्याचा खुंट कुजून गेला होता, पण व्रण होता.

मी दत्तूभाऊंना शेजारी बसवून दाखवलं. काकांनी डोळा बांधला होता. तो जगला होता, त्याची फांदीही झाली होती. पण कलमाचा सांधा कायम मातीच्या वर राहावा लागतो. तो गाडला गेला आणि वर कुरवंड्याचा पाऊस पडला की संत्र्याची साल कुजते. संत्रं मेलं. जंबेरी मात्र चिवट. ती खालून फुटली आणि सगळ्यांना वाटलं, झाडाने पुन्हा जोर धरला.

"म्हंजी मी मारली झाडं?" दत्तूभाऊ म्हणाले.

"तुम्ही वाचवायला गेलात, भाऊ. आमच्याकडे सांधा उघडा ठेवायचा हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून काकांना ते सांगावंसंच वाटलं नाही. आणि इथे भर द्यायची हे सगळ्यांना माहीत, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी खुंटाचा भुसा बोटांत चुरून पाहिला. मग म्हणाले, "पर खुंट तर कशाचा बी आसंल. तो बी जंबेरीचाच नसंल कशावरून?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मेलेल्या खुंटावरून मला शपथेवर काही सांगता येत नव्हतं. आणि काकांनी खोटं सांगू नको म्हणून बजावलं होतं.

तेवढ्यात बांधावरून मावशींचा आवाज आला. "त्या कातळावरच्या झाडाचं बघा की."

"ते आपलं न्हाई," दत्तूभाऊ म्हणाले. "ते वानरानं टाकलेल्या बीचं हाय."

"तुमीच लावलंय. बाराव्या खड्ड्याला जागा न्हाई म्हणून कातळाच्या खोबणीत लावलं. मी पाणी घालत व्हते. त्याची फळं गोड हायत म्हणून मी सांगितलं, तर म्हणलात, मंग ते आपलं न्हाई. गुलाबचं झाड आन् गोड, हे तुमाला पटंना."

दत्तूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही तिघं उतार चढून गेलो.

काळ्या कातळाच्या भेगेत ते झाड उभं होतं, इतरांपेक्षा बुटकं, वाऱ्याने एका बाजूला कललेलं. त्याच्या बुडाला भर टिकलीच नव्हती. दरवर्षी पाऊस ती धुऊन नेत असणार. बुंध्यावर जमिनीपासून वीतभर उंचीवर सांध्याचा फुगवटा स्वच्छ दिसत होता. खालची साल खरबरीत, वरची गुळगुळीत. फळं थोडीच उरली होती, बाकीची वानरांनी नेलेली. एक उंचावरचं मावशींनी काठीने पाडलं. रंग आमच्या संत्र्याइतका चढलेला नव्हता, पण नखाने साल सुटली आणि वास आला. मला गावातल्या तोडणीच्या दिवसांचाच वास आला.

दत्तूभाऊंनी एक फोड तोंडात टाकली. मग दुसरी. तिसरी त्यांनी हातातच धरून ठेवली.

"गुलाबच्या दारातल्या झाडाचंच हाय हे," ते म्हणाले. "मी दहा वर्सं खाल्लंय ते."

डोळा

मला वाटलं, आता सगळ्या जंबेरी छाटून त्यांच्यावर या झाडाचे डोळे बांधावेत. मी तसं म्हणताच मावशींनी ठाम नकार दिला. "माझ्या लोणच्याच्या झाडांना हात लावायचा न्हाई. संत्र्यानं आमाला काय दिलं? या आंबटांनी सुनेचं शिलाई मशीन घेऊन दिलं."

"एक तर देशील?" दत्तूभाऊंनी विचारलं. मावशींनी विचार केला आणि फाटकाजवळची एक तरणी जंबेरी दाखवली, आपल्या आपण उगवलेली.

डोळकाड्या वानराने नेल्या होत्या, पण आता त्यांची गरज नव्हती. कातळावरच्या झाडाची एक काडी कापली. जंबेरीच्या खोडावर चाकूने उभी-आडवी चीर दिली. थंडीमुळे साल सुटेल की नाही याची धास्ती होती. ती सुटली. डोळा आत सरकवला, फीत गुंडाळली. दत्तूभाऊ इतक्या जवळून पाहत होते की त्यांचा श्वास माझ्या हाताला लागत होता.

"आसाच बसायचा तो," ते म्हणाले. "पाठ वाकवून. मी म्हणायचो, गुलाब, यापरीस रूळ बसवायला सोपं."

मग ते फावडं घेऊन आले आणि त्या रोपाच्या बुडाची माती बाजूला ओढायला लागले. वाऱ्यासाठी काय करायचं, मी विचारलं. "बांबूचा टेकू देतो," ते म्हणाले. "त्याला तर तुझ्या शास्त्राची हरकत न्हाई ना?"

परत येताना झोळीत लोणच्याची बरणी होती आणि कागदात गुंडाळलेली दोन संत्री. मला थेट कॉलेजच्या गावी जायचं होतं आणि फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून लोणावळ्याच्या स्टेशनावर बसूनच मी काकांना पत्र लिहिलं आणि संत्र्यांबरोबर कुरिअरने पाठवलं. ते असं.

*ती. गुलाबकाका, नमस्कार.*

*सूनबाईंकडून हे पत्र वाचून घ्या, पण आधी सोबतची संत्री खा. ती दत्तूभाऊंच्या बागेतली आहेत, तुमच्या हाताने बांधलेल्या कलमाची. ते झाड मी पाहिलं, सांधा बोटांनी चाचपून पाहिला. झाड कललंय, सांधा कुठेही सुटलेला नाही.*

*बाकीची झाडं आंबट आहेत हे खरं आहे. ती जंबेरीची आहेत. दत्तूभाऊंनी वाऱ्यासाठी बुडाला भर दिली, सांधे गाडले गेले आणि वरचं संत्रं कुजलं. मेलेल्या खुंटांवरून मी काही सिद्ध करू शकत नाही, म्हणून त्या झाडांबद्दल मला जेवढं वाटतं तेवढंच सांगतो. तुम्ही झाड चुकला नव्हतात. सांधा उघडा ठेवा एवढं सांगायचं मात्र तुमच्याकडून राहून गेलं. हेही लिहितो, कारण खोटं सांगू नको म्हणाला होतात.*

*मी त्यांच्या फाटकाजवळ एक डोळा बांधून आलो आहे. माझी गाठ तुमच्याइतकी सफाईची नाही. फीत कधी सोडायची आणि वरचा शेंडा कधी छाटायचा, असं दत्तूभाऊंनी मला दोनदा विचारलं. मला माहीत होतं, पण मी म्हटलं, ते काकांना विचारा. दत्तूभाऊ येत्या रविवारी सकाळी तुम्हाला फोन करणार आहेत. पारावर जाऊ नका, घरीच थांबा.*

*तुमचा,*
*मनोहर*